सायबर गुन्ह्यांविषयीचा जागतिक करार आणि गावपातळीवरील लोकसहभाग

दसरा आटोपला की बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज आदी तालुक्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. घरी राहतात ती वृद्ध माणसे आणि शाळेत जाणारी मुले. एके काळी या कुटुंबांचा घराशी असलेला संबंध पोस्टाच्या मनिऑर्डरीवर किंवा गावी परतणाऱ्या एखाद्या विश्वासू माणसावर अवलंबून असे. आज उसाच्या फडाशेजारच्या कोपीतही भ्रमणध्वनी असतो आणि त्यावरूनच पैसे गावी पाठविले जातात. पीक विम्याची रक्कम, निराधारांचे अनुदान, शिष्यवृत्ती हे सर्व बँक खात्यात जमा होते व त्याची वर्दी भ्रमणध्वनीवर येते. सोय झाली यात शंका नाही. परंतु ज्या वाटेने पैसा घरी येतो, त्याच वाटेने चोरही घरात शिरू लागला आहे. हा चोर कोणी पाहिलेला नसतो. तो शेजारच्या तालुक्यात असेल किंवा समुद्रापलीकडच्या देशात असेल.

अशा गुन्ह्यांचा बंदोबस्त एकट्या देशाला करता येत नाही, ही जाणीव जगातील राष्ट्रांना झाल्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने एक जागतिक करार सिद्ध झाला आहे. या कराराच्या वाटाघाटी न्यूयॉर्क आणि व्हिएन्ना येथे झाल्या. त्यांचा बीड जिल्ह्यातील ग्रामपंचायत सदस्याशी, शिक्षकाशी किंवा पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्याशी काय संबंध, असा प्रश्न सहजच पडेल. तो संबंध कोणता, वाटाघाटींत स्वयंसेवी संस्थांना व लोकसंघटनांना स्थान का असावे आणि त्या स्थानाला बळ देण्यासाठी गावपातळीवर काय करता येईल, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

तक्रारीचा प्रवास

प्रथम एका सर्वसाधारण तक्रारीचा प्रवास पाहू. बँकेतून बोलत असल्याचे सांगून कोणीतरी दूरध्वनी करतो, खाते बंद पडण्याची भीती घालतो आणि भ्रमणध्वनीवर आलेला गुप्त अंक विचारून घेतो. काही क्षणांत खात्यातील रक्कम निघून जाते. ती एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात फिरते. ही खाती बहुधा भाड्याने घेतलेली, म्हणजे थोड्या पैशांच्या लोभाने कोणी गरिबाने दुसऱ्याच्या हाती दिलेली असतात. शेवटी रक्कम काढून घेतली जाते किंवा देशाबाहेर जाते.

यासाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक उपलब्ध आहे. फसवणूक होताच त्यावर कळविल्यास संबंधित बँकांना सूचना जाते व वाटेत असलेली रक्कम गोठविता येते. येथे वेळेला मोठे मोल आहे. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम हाती लागण्याची शक्यता अधिक असते. दुसऱ्या दिवशी ती पुष्कळच कमी होते. पुढील तपास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० आणि भारतीय न्याय संहिता, २०२३ यांखाली चालतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याने करावयाचा असतो.

खरी अडचण याच्या पुढे येते. संदेश ज्या कंपनीच्या यंत्रणेतून आला, तिचे संगणक परदेशात असतात. तेथील माहिती मिळविण्यासाठी एका देशाच्या शासनाने दुसऱ्या देशाच्या शासनाकडे रीतसर विनंती करावी लागते. जिल्ह्यातून राज्याकडे, राज्यातून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आणि तेथून परदेशी यंत्रणेकडे असा हा कागदाचा प्रवास असतो. तो पूर्ण होईतो अनेकदा मूळ माहितीच पुसली गेलेली असते. म्हणजे पुरावा परदेशात आणि फिर्यादी बीडमध्ये, अशी ही अवस्था आहे. करार हवा तो यासाठी.

करार कसा घडला

या विषयावरील पहिला महत्त्वाचा आंतरराष्ट्रीय करार युरोप परिषदेने तयार केला. तो बुडापेस्ट येथे २००१ मध्ये स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि २००४ मध्ये अंमलात आला. युरोपाबाहेरील अनेक देशही त्यात सामील झाले, परंतु भारत सामील झाला नाही. ज्या कराराच्या मसुद्यात आपला सहभाग नव्हता तो तयार स्वरूपात स्वीकारण्यास भारताची प्रथमपासून नाखुशी होती. हा मुद्दा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुढील विवेचनात तो पुन्हा येणार आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने नवा, सर्व राष्ट्रांना खुला असा करार तयार करण्यासाठी एक तदर्थ समिती नेमण्याचे ठरविले. समितीचे अध्यक्षपद अल्जीरियाच्या फौझिया बूमैझा मेबार्की यांच्याकडे होते. समितीचे पहिले सत्र फेब्रुवारी–मार्च २०२२ मध्ये न्यूयॉर्क येथे झाले. त्यानंतर न्यूयॉर्क आणि व्हिएन्ना येथे सत्रे होत राहिली. ८ ऑगस्ट २०२४ रोजी समितीने मसुदा संमत केला आणि २४ डिसेंबर २०२४ रोजी आमसभेने तो मतदानाविना स्वीकारला. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हिएतनाममधील हनोई येथे तो स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि त्या वेळी सत्तरहून अधिक देशांनी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या. स्वाक्षरीची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत ठेवण्यात आली आहे. चाळीस देशांनी रीतसर अनुसमर्थन दिल्यानंतर ९० दिवसांनी करार अंमलात यावा, अशी त्यात तरतूद आहे.

करारात ६८ अनुच्छेद आहेत. संगणक यंत्रणेत बेकायदा शिरकाव, माहितीची चोरी व नासधूस, संगणकाद्वारे होणारी फसवणूक, बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे आणि एखाद्या व्यक्तीची खासगी छायाचित्रे तिच्या संमतीविना प्रसृत करणे ही कृत्ये प्रत्येक देशाने गुन्हा ठरवावीत, असे त्यात म्हटले आहे. प्रत्येक देशाने दिवसरात्र उपलब्ध असलेले एक संपर्क केंद्र ठेवावे, म्हणजे पुरावा पुसला जाण्यापूर्वी तो राखून ठेवण्याची विनंती करता येईल, अशीही योजना आहे. वर सांगितलेल्या बीडच्या तक्रारीला याचा लाभ होऊ शकेल हे उघड आहे.

कराराचे शब्द गावापर्यंत कसे येतात

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघ सूचीनुसार परराष्ट्रांशी करार करणे हा केंद्राचा विषय आहे. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय मात्र राज्य सूचीत आहेत. अनुच्छेद २५३ अन्वये, आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी संसदेला कोणत्याही विषयावर, राज्य सूचीतील विषयावरसुद्धा, कायदा करता येतो. याचा अर्थ असा की, करार दिल्लीने करावयाचा, कायदा संसदेने करावयाचा आणि त्याची अंमलबजावणी मात्र राज्याच्या पोलिसांनी, म्हणजे अंबाजोगाईच्या, गेवराईच्या किंवा माजलगावच्या ठाण्यातील अधिकाऱ्याने करावयाची. मसुद्यातील एखादा शब्द सैल राहिला तर त्याचा अर्थ लावण्याचा भार शेवटी याच अधिकाऱ्यावर पडतो आणि त्याचा परिणाम गावातील नागरिक भोगतो.

मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. निजामी राजवटीत ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिपत्रकामुळे साधी सभा भरवावयाची तरी सरकारची पूर्वपरवानगी लागे. कोणती सभा राजकीय आणि कोणती सामाजिक, हे ठरविणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. सुव्यवस्थेच्या नावाने लिहिलेला व्यापक शब्द सामान्य माणसाच्या तोंडाला कसे कुलूप घालतो, हे हैदराबाद मुक्तिसंग्रामापूर्वीच्या पिढीने अनुभवले होते.

एका कलमाची कथा

या धोक्याचे अलीकडचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६ अ समाविष्ट झाले. ‘अतिशय आक्षेपार्ह’ किंवा ‘धमकीवजा’ संदेश पाठविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात होती. मात्र ‘आक्षेपार्ह’ कशाला म्हणावे, याची व्याख्या कलमात नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळण्यात आलेल्या बंदविषयी, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर मत व्यक्त केले आणि दुसरीने त्याला पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली. पुढे हे प्रकरण बंद करण्यात आले, परंतु देशभर त्याची चर्चा झाली. कायद्याच्या एका विद्यार्थिनीने, श्रेया सिंघल यांनी, सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेसह इतर याचिकाकर्तेही होते. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती आर. एफ. नरिमन यांच्या पीठाने हे कलम घटनाबाह्य म्हणून रद्द केले. भाषणस्वातंत्र्यावर बंधन घालणारा शब्द सुस्पष्ट असला पाहिजे, हा त्या निर्णयाचा गाभा होता.

यानंतरही कथा संपली नाही. रद्द झालेल्या कलमाखाली वेगवेगळ्या राज्यांत गुन्हे नोंदले जातच राहिले. अनेक ठाण्यांपर्यंत निर्णयाची माहितीच पोहोचली नव्हती. न्यायालयांतील नोंदी तपासून अशा प्रकरणांची मोजदाद केली ती नागरी संघटनांनी. ती मोजदाद सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवण्यात आली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असा आदेश दिला.

त्याच सुमारास जागतिक कराराच्या वाटाघाटी सुरू होत्या. २०२२ मध्ये भारताच्या वतीने समितीपुढे जे प्रस्ताव ठेवण्यात आले, त्यांत आक्षेपार्ह संदेशांविषयीची एक तरतूद होती आणि तिचे शब्द रद्द झालेल्या कलम ६६ अ शी मिळतेजुळते होते. ही गोष्ट देशातील आणि देशाबाहेरील डिजिटल हक्कांविषयी काम करणाऱ्या संघटनांनी उजेडात आणली. मजकुराचे असे व्यापक गुन्हे करारात असू नयेत, अशी भूमिका काही देशांनीही घेतली. अंतिम करारात ही तरतूद नाही.

येथे कोणाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. स्त्रियांना धमक्या देणाऱ्या व समाजात तेढ माजविणाऱ्या संदेशांना आळा घालावा, ही गरज खरीच आहे. परंतु देशातील न्यायालयाने जो शब्द सदोष ठरविला, तो जागतिक कराराच्या मार्गाने परत येण्याचा संभव निर्माण झाला होता. पालघरचा अनुभव ज्यांच्या स्मरणात होता अशी माणसे वाटाघाटींवर लक्ष ठेवून नसती, तर ही बाब ध्यानात येणे कठीण होते. शासकीय शिष्टमंडळाला गुन्ह्यांचे आकडे आणि पोलिसांच्या अडचणी ठाऊक असतात. कायदा चुकीच्या माणसावर पडला म्हणजे काय होते, हे मात्र ज्यांच्यावर तो पडला त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांना अधिक ठाऊक असते. लोकसहभागाचे प्रयोजन हेच आहे.

संस्थांनी काय मांडले

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील अनुच्छेद ७१ मध्येच बिगरशासकीय संस्थांशी सल्लामसलत करण्याची व्यवस्था आहे. त्यानुसार आर्थिक व सामाजिक परिषदेकडे मान्यता असलेल्या संस्थांना या सत्रांस निरीक्षक म्हणून उपस्थित राहता आले. अशी मान्यता नसलेल्या संस्थांनी, विद्यापीठांनी आणि उद्योगांनी वेगळा अर्ज करावयाचा होता. मात्र सदस्य राष्ट्राला एखाद्या संस्थेच्या नावास हरकत घेण्याचा अधिकार होता. दोन सत्रांच्या मधल्या काळात अध्यक्षांनी संस्थांशी स्वतंत्र विचारविनिमय केला. मतदानाचा अधिकार अर्थातच संस्थांना नव्हता आणि अनेक अनौपचारिक वाटाघाटींत त्यांना प्रवेशही नव्हता.

तरीही त्यांनी मांडलेले मुद्दे मोलाचे होते. संगणक यंत्रणेतील उणीव सद्हेतूने शोधून संबंधितांना कळविणाऱ्या अभ्यासकाला चोराच्या रांगेत बसवू नये, हा एक मुद्दा होता. अल्पवयीन मुलांनी स्वतःच काढलेल्या चित्रांसाठी त्यांनाच गुन्हेगार ठरविले जाऊ नये, हा बालहक्क संघटनांचा मुद्दा होता. त्या बाबतीत राज्यांना मुभा देणारी तरतूद करारात आली. चार वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या कोणत्याही गुन्ह्यासाठी पुरावा मागता येण्याच्या तरतुदीविषयीही आक्षेप होता. एखाद्या देशाने टीकाकारांसाठी कठोर शिक्षा ठेवली असेल तर तिच्या अंमलबजावणीस इतर देशांनी साह्य करावे काय, असा तो प्रश्न होता. मानवी हक्कांचा आदर राखण्याविषयीचा अनुच्छेद ६ आणि संरक्षक अटींविषयीचा अनुच्छेद २४ करारात आले. यांपैकी काही मजकूर वगळण्याची सूचना शेवटच्या सत्रात मतास टाकली गेली आणि बहुमताने फेटाळली गेली. सर्वच मागण्या मान्य झाल्या असे नाही. अनेक संघटना अंतिम मसुद्यावर असमाधानी राहिल्या.

आणखी एक बाब ग्रामीण भागाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. नोकरीच्या आमिषाने भारतीय तरुणांना म्यानमार, कंबोडिया यांसारख्या देशांत नेऊन, डांबून ठेवून, त्यांच्याकडून सक्तीने ऑनलाइन फसवणूक करून घेतल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. दूरध्वनीच्या एका टोकाला लुटला गेलेला गरीब आणि दुसऱ्या टोकालाही कोंडून ठेवलेला गरीब, असे हे चित्र आहे. असा तरुण गुन्हेगार मानावा की पीडित, हा प्रश्न कायद्याच्या शब्दांनीच सुटावयाचा आहे. स्थलांतर हेच ज्या जिल्ह्याच्या पोटापाण्याचे साधन आहे, त्या जिल्ह्याला तो परका नाही.

परंपरा आपलीच आहे

सामान्यांच्या बाजूने शासनापुढे म्हणणे मांडण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. ते कोणत्याही शासकीय पदावरून बोलत नव्हते. शूद्रातिशूद्रांसाठी शाळा चालविल्याचा अनुभव हाच त्यांचा अधिकार होता.

आंतरराष्ट्रीय क्षेत्रातही असे उदाहरण आहे. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये पुणे येथे भरले. पुढे या परिषदेचे अध्यक्षपद भूषविलेल्या हंसा मेहता संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील पहिल्या अनुच्छेदात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल असा शब्द होता. त्याऐवजी ‘सर्व मानव’ या अर्थाचा शब्द घालण्याचा त्यांनी आग्रह धरला. १९४८ मध्ये तोच शब्द कायम झाला. महिला संघटनेतील कामाने दिलेली दृष्टी जागतिक मसुद्यातील एका शब्दापर्यंत पोहोचली. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २००६ चा करारही अपंगांच्या संघटनांच्या प्रत्यक्ष सहभागाने तयार झाला. भारताने २००७ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले आणि त्याच पायावर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम उभा आहे. आज तालुक्याच्या गावी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी येणारा माणूस त्या वाटाघाटींचाच लाभार्थी आहे.

खुद्द बीड जिल्ह्यातही हे दिसून आले. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये महिला संघटनांनी व वृत्तपत्रांनी लावून धरला. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक महिलांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. प्रत्येक गावाला आपल्या गावचे ठाऊक होते. परंतु गावोगावच्या गोष्टी एकत्र करून आकड्यांच्या रूपात मांडल्या गेल्या तेव्हाच धोरणाला दिशा मिळाली. सायबर गुन्ह्यांच्या बाबतीत हेच काम अद्याप व्हावयाचे आहे.

सहभागातील अडथळे

आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत भाग घेण्यास चार अडथळे आहेत. पहिला खर्चाचा. प्रत्येक सत्र सुमारे दोन आठवडे चालते आणि तेथे राहण्याचा खर्च लहान संस्थेच्या वर्षभराच्या अंदाजपत्रकाएवढा होऊ शकतो. दूरस्थ सहभागाची सोय हा त्यावर एक उपाय आहे. दुसरा अडथळा भाषेचा. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा आहेत आणि त्यांत एकही भारतीय भाषा नाही. मराठीत मसुदा वाचावयास मिळाला नाही तर मराठी माणसाने मत द्यावे कसे? तिसरा अडथळा प्रवेशाचा. मान्यतेची प्रक्रिया लांबलचक असते. चौथा अडथळा अनुभवाच्या नोंदीचा. गावातील फसवणूक बहुधा लाजेपोटी सांगितलीच जात नाही. नोंदच नाही, तर मांडावयाचे काय?

यांपैकी पहिले तीन अडथळे दूर करणे केंद्र शासनाच्या, संयुक्त राष्ट्रांच्या व मोठ्या संस्थांच्या हाती आहे. कायद्यांच्या मसुद्यांबाबत केंद्र शासनाने २०१४ मध्ये विधिपूर्व सल्लामसलतीचे धोरण ठरविले. त्यानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांसाठी खुला ठेवावा आणि त्यासोबत सोप्या भाषेतील स्पष्टीकरण द्यावे, अशी अपेक्षा आहे. हे धोरण कायद्यांपुरते आहे. कराराच्या वाटाघाटींसाठीही तशीच पद्धत पडली, शिष्टमंडळ जाण्यापूर्वी राज्यांशी व लोकसंघटनांशी विचारविनिमय झाला आणि मसुद्याचा सारांश भारतीय भाषांत निघाला, तर शिष्टमंडळाचेच म्हणणे अधिक सबळ होईल.

गावपातळीवरील कार्य

चौथा अडथळा, म्हणजे नोंदीचा, मात्र गावातच दूर होऊ शकतो. त्यासाठी पुढील गोष्टी करता येतील.

पहिली गोष्ट, ग्रामपंचायतीच्या फलकावर १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा आणि फसवणूक होताच, त्याच तासाला, कळवावयाचे हे प्रत्येक घरी सांगावे.

दुसरी गोष्ट, ग्रामपंचायतीने फसवणुकीच्या प्रकारांची एक साधी नोंदवही ठेवावी. तीत पीडिताचे नाव लिहू नये. दिनांक, फसवणुकीचा प्रकार, अंदाजे रक्कम, तक्रार केव्हा केली व पुढे काय झाले, एवढेच लिहावे. नाव नसल्यामुळे संकोच कमी होईल आणि कोणाची बदनामी होणार नाही.

तिसरी गोष्ट, ग्रामसभेत हा विषय वर्षातून दोनदा घ्यावा. येथे ऊसतोडीचे वेळापत्रक पाहणे आवश्यक आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या वेळी तोडणी कामगार कारखान्यांच्या परिसरात असतात, म्हणून ज्यांचा अनुभव महत्त्वाचा तेच गैरहजर राहतात. १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशींच्या सभा त्या दृष्टीने सोयीच्या आहेत. ज्यांना विचारावयाचे ते गावात असतील तेव्हाच विचारावे, एवढा साधा विवेक यात आहे.

चौथी गोष्ट शिक्षकांनी करावयाची आहे. करारातील मुख्य तरतुदी मराठीत समजावून देणे, विद्यार्थ्यांकडून घरोघरी माहिती पोहोचविणे आणि मुलींची छायाचित्रे संमतीविना पसरविणे हा गुन्हा असून त्यात दोष मुलीचा नाही, हे स्पष्टपणे सांगणे, हे काम शिक्षकाइतके दुसरे कोणी करू शकणार नाही.

पाचवी गोष्ट, तालुक्यातील नोंदी एकत्र करून त्यांचा गोषवारा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, महाविद्यालये आणि स्थानिक संस्था यांच्या साहाय्याने तयार करावा. तो राज्याच्या गृह विभागाकडे व आपल्या संसद सदस्यांकडे पाठवावा. संसदेच्या समित्या एखाद्या विषयाच्या परीक्षणासाठी जाहीर सूचना देऊन निवेदने मागवितात. तेव्हाही तो पाठविता येईल. आंतरराष्ट्रीय सत्रांत ज्यांना प्रवेश आहे अशा संस्थांना हाच गोषवारा आधार म्हणून उपयोगी पडेल. त्यांच्या बोलण्यामागे गावांची साक्ष उभी राहील.

पोलीस अधिकाऱ्यांनी या नोंदींकडे दोषारोप म्हणून पाहू नये. परदेशातून माहिती न आल्यामुळे किती तपास अडले, हेही त्या नोंदींतूनच दिसेल आणि जलद सहकार्याची मागणी करण्यास बळ मिळेल. चोर सापडावा ही जशी लोकांची इच्छा, तशीच निर्दोषाला त्रास होऊ नये हीसुद्धा. या दोन इच्छांत विरोध नाही. चांगल्या कायद्यात त्या एकत्र नांदतात.

काम अद्याप शिल्लक आहे

मसुदा संमत झाला म्हणजे वेळ निघून गेली असे समजण्याचे कारण नाही. करार अंमलात आल्यावर पक्षराष्ट्रांची परिषद भरावयाची आहे. तिच्या कामकाजाचे नियम, निरीक्षकांचे स्थान आणि आणखी गुन्ह्यांचा समावेश करणारा पूरक मसुदा यांची चर्चा पुढेच होणार आहे. गुन्ह्यांच्या प्रतिबंधाविषयीच्या अनुच्छेद ५३ मध्ये स्वयंसेवी संस्था व शैक्षणिक संस्था यांच्या सहभागाचा स्पष्ट उल्लेख आहे. एखाद्या देशाने करार स्वीकारला की त्यास अनुरूप कायदा करावा लागतो आणि त्या वेळी पुन्हा प्रत्येक शब्दाचा विचार करावा लागतो.

आता आरंभी राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे वळता येईल. ज्या कराराच्या घडणीत आपण नव्हतो तो आपण तसाच का स्वीकारावा, हा भारताचा बुडापेस्ट कराराबाबतचा प्रश्न रास्त होता. राष्ट्रांच्या सभेत भारताने जो न्याय मागितला, तोच न्याय भारतातील गावाला लागू होतो. वडवणीच्या तांड्यावरील स्त्रीला किंवा आष्टीच्या शेतकऱ्याला जो कायदा उद्या पाळावयाचा आहे आणि ज्याच्या आधाराने न्याय मागावयाचा आहे, त्याच्या घडणीत त्यांच्या अनुभवाचा अंश असला पाहिजे. ते स्वतः व्हिएन्नाला जाणार नाहीत. त्यांच्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतील चार ओळी मात्र तेथवर जाऊ शकतात, आणि त्या लिहिण्यास येत्या ग्रामसभेपासून आरंभ करता येईल.